काँक्रीटची टाकी पाण्याने उचलली, ही थाप नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मध्येच वाचायला येणाऱ्यालाही संदर्भ लागेल. दादरमधली सात मजली सोसायटी. पार्किंगखाली आर.सी.सी.ची (सळ्या घातलेल्या काँक्रीटची) पाण्याची टाकी, आतून साधारण २० फूट बाय १३ फूट, खोली १० फूट. तळाशी गाळ साचला म्हणून जुलैत टाकी रिकामी केली आणि दोन दिवस झाकणं उघडी ठेवून सुकवायची ठरली. दुसऱ्या रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी बघता तर टाकीचा एक कोपरा चार इंच वर, महापालिकेच्या लाइनचा जोड निखळलेला आणि पार्किंगच्या फरशीला लांबलचक भेग. कंत्राटदार म्हणतो, "खालच्या पाण्याने टाकी उचलली." कमिटीतले निवृत्त शिक्षक म्हणतात, "काँक्रीट पाण्यात बुडतं. हा स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालतोय." कोणीतरी सुचवलं की टाकी लगेच पाण्याने भरू या. त्यावर सर म्हणाले, "पाण्यात पाण्याला वजन नसतं, मग भरून उपयोग काय?" कंत्राटदाराला मात्र टाकी रिकामीच हवी आहे, दुरुस्तीसाठी. स्लॅबवर वाळूची पोती रचून तो ती दाबून धरणार आहे.

मी मुंबईत तीसेक वर्षं जमिनीखालचीच कामं केली: टाक्या, बेसमेंट, पंपरूम. तुमची टाकी मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही बाबतींत हे उंटावरून शेळ्या हाकणं होईल. तसं जिथे होईल तिथे सांगेनच.

सरांची दोन्ही वाक्यं पुस्तकात बरोबर आहेत. फक्त ती या टाकीला लागू पडत नाहीत. काँक्रीटचा गोळा बुडतो, पण टाकी म्हणजे गोळा नव्हे. टाकी म्हणजे काँक्रीटच्या पातळ सालीत कोंडलेली हवा. स्टीलची पळी मोरीतल्या बादलीत टाका, तळाला जाते. त्याच स्टीलचा रिकामा डबा झाकण लावून टाका, तरंगतो, आणि हाताने खाली दाबायला गेलात तर हात थरथरेपर्यंत उलटा जोर लावतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड कमी पडलं तेव्हा काही देशांनी चक्क काँक्रीटची जहाजं बांधली होती. ती तरंगत होती.

पाणी वस्तूला वर किती ढकलणार हे वस्तू कशाची आहे यावर ठरत नाही. तिने पाण्यातली किती जागा अडवली आहे, त्यावर ठरतं. तेवढ्या जागेत जे पाणी मावलं असतं त्याचं वजन, तेवढा वरचा जोर. आर्किमिडीजने सांगितलं ते एवढंच. वस्तूचं स्वतःचं वजन यापेक्षा जास्त असेल तर ती बुडते, पण बुडतानाही तेवढी हलकी होऊनच. कमी असेल तर ती वर येते.

आता तुमच्या टाकीचे आकडे घेऊ. भिंती आणि तळ किती जाड आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून या आकाराला नेहमी असतात ते धरतो: भिंती २५० मिमी, तळाचा राफ्ट (काँक्रीटचा सलग पाया) ३०० मिमी, वरचा स्लॅब १५० मिमी. आतून ६ मीटर बाय ४ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे ७२ घनमीटर, म्हणजेच ७२ हजार लिटर. बाहेरून मोजलं तर ६.५ बाय ४.५ बाय ३.४५, म्हणजे जवळजवळ १०१ घनमीटर. वजाबाकी केली की २९ घनमीटर काँक्रीट उरतं. आर.सी.सी. घनमीटरला अडीच टन धरतात. टाकीचं वजन झालं सुमारे ७२ टन.

टाकीच्या भोवती आणि खाली जमिनीतलं पाणी स्लॅबपर्यंत चढलं तर टाकीने अडवलेली जागा १०१ घनमीटर. गोड्या पाण्याचं घनमीटर एक टनाचं, म्हणून वरचा जोर १०१ टन. खाली दाबणारे ७२, वर उचलणारे १०१. बाकी २९ टन टाकीला वर ढकलायला मोकळे. सात मजली इमारतीच्या शेजारी ७२ टनांची पेटी पाण्यावर तरंगते हे डोळ्यांना पटत नाही, मला मान्य आहे. हिशोब मात्र शाळेतल्या गुणाकाराचा आहे.

पाणी स्लॅबपर्यंत यावंच लागतं असंही नाही. टाकीचा तळ २९.२५ चौरस मीटरचा. ७२ टनांना त्याने भागलं की अडीच मीटरच्या किंचित आत येतं. म्हणजे टाकीच्या तळापासून अडीच मीटर पाणी चढलं, जमिनीखाली अजून एक मीटर कोरडं असलं, तरी रिकामी टाकी हलायच्या बेतात येते. पावसाळ्यात दादरला जमिनीखाली एक मीटरवर पाणी लागणं ही काही नवलाची गोष्ट नाही. त्या पट्ट्यात कुठे वाळू आहे, कुठे भराव. मलबार हिल किंवा पाली हिलच्या कातळातली टाकी वेगळी वागेल, वडाळ्याच्या खाजणातली आणखी वेगळी. जागा बदलली की उत्तर बदलतं. इथे तुमच्या इमारतीचा जुना बोअरचा (जमिनीच्या तपासणीचा) रिपोर्ट सापडला तर माझ्या अंदाजापेक्षा तो शंभर पटींनी कामाचा.

सरांच्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे. "पाण्यात पाण्याला वजन नसतं." विहिरीवर पाणी शेंदलेल्या माणसाला हे हातानेच कळतं: भरलेली घागर पाण्यात असते तोवर दोराला जेमतेम घागरीच्या पितळेचं ओझं लागतं, आणि ती पाण्याबाहेर आली की एकदम खांदे ओढले जातात. सर म्हणतात, भरलेली टाकी म्हणजे जमिनीतल्या पाण्यात बुडालेली भरलेली घागर, तिच्यातल्या पाण्याचं ओझं शून्य.

बरोबर. पण मग ती घागर रिकामी असती तर काय झालं असतं? ती पाण्यात गेलीच नसती. आतलं पाणी ओझं देत नाही, हे खरं. पण ते हवेला हटवतं, आणि उचलण्याचं काम हवेच्या जागेमुळे चाललेलं असतं. हिशोब दोन वाटांनी करून दाखवतो. पहिली वाट: टाकी आणि आतलं पाणी मिळून एक वस्तू धरा. वजन ७२ आणि ७२, १४४ टन. अडवलेली जागा १०१. उरले ४३ टन, खाली दाबणारे. दुसरी वाट सरांची: आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकमेकांना फिटलं, उरलं नुसतं काँक्रीट. २९ घनमीटर काँक्रीटचं वजन ७२ टन, त्याने अडवलेलं पाणी २९ टन. उरले ४३. दोन्ही वाटा एकाच दारात येतात. सरांना हा परिच्छेद जरूर दाखवा, त्यांना आवडेल. चूक कुठे होते तर माणूस अर्धा हिशोब एका वाटेने आणि अर्धा दुसऱ्या वाटेने करतो. आतल्या पाण्याचं वजन शून्य धरायचं असेल तर टाकीच्या आतली जागाही अडवलेली धरता येत नाही.

घरी बघायचं असेल तर सोपं आहे. विमानतळावर जायच्या आधी बॅगा तोलायला हुकाचा डिजिटल काटा मिळतो ना, तो घ्या आणि पाट्यावरचा वरवंटा सुतळीने त्याला बांधा. काळ्या दगडाचा वरवंटा तीन किलोचा असेल तर बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवल्यावर काटा दोन किलोच्या आसपास दाखवेल. किलोभर वजन गेलं कुठे? बादली दुसऱ्या काट्यावर ठेवून बघा. वरवंटा पाण्यात लोंबता असतानाच, तो तळाला टेकलेला नसतानाही, बादलीचं वजन बरोबर किलोभर वाढलेलं दिसेल. पाणी वरवंट्याला वर ढकलतं, तेव्हा वरवंटा पाण्याला तेवढाच खाली ढकलतो. मी साइटवर नव्या पोरांना हे करून दाखवायचो. एकाने बादली काठोकाठ भरून घेतली, पाणी सांडलं, आणि काटा हललाच नाही म्हणून तो माझ्याशी वाद घालत बसला. जेवढी जागा अडवली तेवढंच पाणी बाहेर सांडलं होतं, काटा हलणार कसा? चूक करताना त्याने आर्किमिडीज पुन्हा सिद्ध केला होता.

वाळूच्या पोत्यांबद्दल. ५० किलोचं पोतं कोरड्या जागी ५० किलोच दाबतं. तेच पाण्यात बुडलं की दाणे आपापली जागा अडवतात आणि पोतं ३१ किलोच्या आसपास दाबतं. काँक्रीटचे ठोकळे पाण्याखाली साठ टक्के वजन राखतात, लोखंड सत्त्याऐंशी टक्के. तुमची पोती स्लॅबवर, म्हणजे पाण्याच्या वर, ती पूर्ण वजन देतील हे कबूल. पण २९ टन म्हणजे ५० किलोची जवळजवळ सहाशे पोती, आणि तीही काठावर पास होण्यापुरती. आम्ही उचलणाऱ्या जोरापेक्षा दाबणारा जोर किमान १.२ पट धरतो. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामांसाठीचा कोड, आय.एस. ३३७०, त्याच विचाराचा आहे. १०१ ला १.२ ने गुणलं की १२१ टन. त्यातून ७२ वजा करा, ४९ टन हवेत. हजार पोती. त्यांची रास पार्किंगच्या १५० मिमीच्या स्लॅबवर. म्हणजे खालून वाचवायला जाऊन वरून मोडायची. आणि टाकीवर उभ्या राहणाऱ्या चार गाड्यांचं वजन कोणी सांगायला लागलं तर चार गाड्या मिळून पाचेक टन होतात, शिवाय त्या शनिवारी लोणावळ्याला जातात.

तेच ४९ टन पाण्याने द्यायचे तर टाकीत दोन मीटर पाणी ठेवलं की झालं. नळ सोडायचा. टाकीचा सगळ्यात स्वस्त नांगर म्हणजे तिच्या आतलं पाणी.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट, कारण ती तुमच्या पुढच्या प्रश्नाला उपयोगी पडेल. नव्वदच्या दशकात पश्चिम उपनगरातल्या एका साइटवर मी ज्युनिअर इंजिनिअर होतो. टाकीचा राफ्ट आणि भिंती झाल्या होत्या, वरचा स्लॅब बाकी, भोवतीचा खड्डा अर्धवट भरलेला. जूनचा पहिला पाऊस. खड्ड्यात डिझेलचा पंप चालू होता आणि तो रात्रभर चालेल असं मी कंत्राटदाराच्या माणसाच्या तोंडी भरवशावर लिहून टाकलं होतं. पहाटे डिझेल संपलं. सहा वाजता वॉचमन दाराशी आला आणि म्हणाला, "साहेब, टाकी वर आली." मला वाटलं, टाकी भरून पाणी वर आलं. मी म्हटलं, "येऊ दे, चांगलंय." तो म्हणाला, "पाणी नाय साहेब. टाकी."

जाऊन पाहिलं. भिंतीवर आम्ही लाल गेरूने लेव्हलची रेघ मारली होती. एका बाजूला रेघ होती तिथेच, दुसऱ्या बाजूला पाच इंच वर. भिंत आणि भरावाच्या मध्ये बोट जाईल एवढी फट, तिच्यातून पिवळट पाण्याचे बुडबुडे येत होते. वरून पाय देऊन उभा राहिलो तर टाकी किंचित डुलल्यासारखी वाटली. हा भास असेल, पण त्या दिवशी मी टाकीवरून बाहेर उडी मारली हे नक्की.

माझ्या साहेबांनी आल्या आल्या टाकी पाण्याने भरायला लावली. दुपारपर्यंत ती खाली बसली, पण पूर्ण नाही. एका कोपऱ्यात दोन इंच अडकली ती अडकलीच. टाकी वर उचलली गेली तेव्हा खाली पोकळी झाली, पाण्याबरोबर बाजूची माती आणि गाळ त्या पोकळीत वाहून आला. आता टाकी त्या गाळावर बसली होती. पुढे राफ्टला भोकं पाडून खाली सिमेंटचं ग्राउट (पातळ मिश्रण) दाबावं लागलं, आणि पाइपांची सगळी लेव्हल नव्याने लावली.

म्हणून तुम्ही विचारलंय की "पाणी उतरलं की टाकी आपोआप जागेवर येईल का", तर त्याचं उत्तर: खाली येईल, जागेवर येईलच असं नाही. आतून तळावर हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, चारही कोपऱ्यांच्या लेव्हल काय आहेत, हे पाहिल्याशिवाय कोणी "बसली बघा" म्हणालं तर मान डोलावू नका.

तुमच्याकडे एकच कोपरा उचलला गेला, हे मला उलट पटण्यासारखं वाटतं. पंपरूम टाकीच्या दुसऱ्या टोकावर आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या बाजूला भिंतींचं आणि पंपांचं जादा ओझं, म्हणून हलकी बाजू उठली. चार इंचच का, मीटरभर का नाही, याचंही कारण आहे. टाकी जसजशी वर येते तसतशी ती कमी पाणी अडवते, आणि जोर व वजन फिटले की थांबते. पाणी त्या अडीच मीटरच्या रेषेच्या थोडंसंच वर गेलं असणार, शिवाय पाइप आणि भराव थोडं धरून ठेवतात. भरावाची ही पकड डिझाइनमध्ये मी कधी धरत नाही. मुंबईत टाकीच्या बाजूला "भराव" म्हणून काय काय टाकतात ते पाहिलंय: विटांचे तुकडे, जुनी टाइल, एकदा तर कमोड.

आणि हाच भराव बऱ्याचदा खरा गुन्हेगार असतो. लोक म्हणतात, "आमच्या बोअरला पाणी वीस फुटांवर आहे, मग टाकीखाली कुठून आलं?" टाकीसाठी खड्डा घट्ट चिकणमातीत किंवा कातळात खणतात. टाकी बसवून उरलेली जागा सैल मलब्याने भरतात. म्हणजे तयार काय झालं, तर घट्ट मातीचं एक मोठं घंगाळ, त्यात टाकी ठेवलेली, भोवती सैल मलबा. गच्चीच्या पावसाळी पाण्याचा डाउनटेक पाइप त्याच्याच जवळ सुटत असेल आणि चेंबर तुंबलं असेल तर सगळ्या गच्चीचं पाणी त्या घंगाळात उतरतं. बाहेरचं भूजल खाली असतानाही घंगाळातलं पाणी दोन तासांत चढतं. तुमच्याकडे गच्चीचे पाइप कुठे सुटतात ते आजच बघा. मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच मिळालं. त्यात भरतीची वेळ साधली तर पावसाचं पाणी समुद्राकडे निघत नाही आणि रस्त्यावरचं पाणीही आवारात शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तसा दिवस लागत नाही. एक जोरदार रात्र आणि तुंबलेलं चेंबर पुरतं.

एक गोष्ट बहुतेक सोसायट्यांच्या लक्षात येत नाही. टाकी उचलली गेली नाही म्हणजे सुटलो, असं नाही. पाणी स्लॅबपर्यंत असेल तर राफ्टच्या खालून प्रत्येक चौरस मीटरला ३.४५ टन जोर लागतो, आणि राफ्टचं स्वतःचं वजन जेमतेम पाऊण टन. राहिलेला जोर राफ्टला मधोमध वर फुगवतो. टाकी जड असेल, खाली अँकर (जमिनीत रोवलेल्या सळ्या) असतील, तरी राफ्ट या उलट्या वाकण्यासाठी सळ्या घालून केलेला नसेल तर तळाला भेगा जातात, शहाबादी फरशी किंवा टाइल सुटून वर येते. लोक त्याला वॉटरप्रूफिंगचा दोष समजून पुन्हा पुन्हा आतून लिंपत बसतात. जहाज दुरुस्तीच्या सुक्या गोदीत हाच खेळ मोठ्या मापाने चालतो. जहाज आत घेऊन पाणी उपसलं की गोदीच्या तळावर खालून समुद्राचा दाब येतो, म्हणून तो तळ तेवढ्या ताकदीने बांधावा लागतो. मेट्रो ३ च्या जमिनीखालच्या स्थानकांसारख्या कामांतही स्थानक तरंगेल का, हा हिशोब करावाच लागतो. स्थानक म्हणजे शेवटी हवेने भरलेला मोठा डबाच. समुद्राजवळ खारं पाणी असेल तर जोर आणखी अडीच टक्के वाढतो, पण तुमच्या टाकीपुरता तो फरक सोडून द्या.

"खाली चिकणमाती आहे, पाणी जाणारच नाही" असं कंत्राटदार म्हणाला तर? जोर तळाखालून येतो, त्यामुळे तळाखाली पाणी पोचलंच नाही तर तो येणार नाही, हे तत्त्वतः खरं. पण चिकणमातीतून पाणी हळू जातं, जात नाही असं नव्हे. आणि पी.सी.सी. (राफ्टखालचा साध्या काँक्रीटचा थर) व माती यांच्या सांध्यातून ते फारच लवकर पसरतं. तुमची टाकी तर एकदा उचलली गेली आहे. आता खाली वाटच तयार आहे.

तर आत्ता काय करायचं. सगळ्यात आधी टाकीतलं पाणी पिणं बंद. तळाला किंवा भिंतीला भेग गेली असेल तर टाकीत जमिनीतलं पाणी शिरतं, आणि आपल्या शहरात जमिनीतल्या पाण्यात शेजारच्या गटाराचा वाटा असतो. पाण्याची तपासणी होऊन भेगा बंद होईपर्यंत पिण्यासाठी टँकर मागवा किंवा वेगळी सोय करा. दुसरं, टाकी भरा, पण आधी तुटलेला जोड सोडवून घ्या आणि पंपाचे पाइप मोकळे करा, नाहीतर टाकी खाली बसताना तेही मोडतील. भरताना एकदम नको, फूटभर भरा, चारही कोपऱ्यांची लेव्हल लिहून ठेवा, मग पुढचं फूट. दोन कप्प्यांची टाकी असेल तर दोन्हींत सारखं. एक कप्पा भरलेला आणि एक रिकामा ठेवून "अर्धी दुरुस्ती" करायचा मोह होतो. एकूण वजनाने ते काठावर पास होतं, पण टाकी एका बाजूला कलते आणि मधली भिंत ताण खाते.

तिसरं, बाजूला मोठा पंप लावून जमिनीतलं पाणी झपाट्याने उपसू नका. पाण्याबरोबर बारीक माती आणि वाळू येते, आणि दादरसारख्या ठिकाणी शेजारी चाळ किंवा जुनी इमारत उथळ पायावर उभी असेल तर तिच्या भिंतीला तडे जातात. उपसायचंच असेल तर जाळी लावलेल्या पाइपातून, हळू, आणि येणारं पाणी गढूळ दिसलं की थांबायचं. हा निर्णय जागेवर आलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने घ्यायचा, माझ्यासारख्या लांबून लिहिणाऱ्याने नाही.

दुरुस्ती पावसाळा संपल्यावर. माझ्या अनुभवात फेब्रुवारी ते मे हा खरा काळ. तळाखाली ग्राउटिंग, भेगांमध्ये इंजेक्शन, जोड नव्याने. कायमचा इलाज काय करायचा हे तुमच्याकडे किती जागा आहे त्यावर. भोवती मोकळी जागा असती तर राफ्ट भिंतींच्या बाहेर वाढवून त्याच्या ओठावर माती बसवता आली असती. (त्या मातीचंही पाण्याखालचं, कमी झालेलं वजन धरायचं, हे बरेच जण विसरतात.) कातळ जवळ असेल तर आतून अँकर मारता येतात, पण त्याची भोकं वॉटरप्रूफ ठेवणं कटकटीचं काम आहे. आतून तळावर फूटभर काँक्रीट वाढवलं तर ते पूर्ण वजन देतं, कारण बाहेरची अडवलेली जागा वाढत नाही. २४ चौरस मीटरवर ०.३ मीटर, म्हणजे १८ टन. बदल्यात सात हजार लिटर साठा जातो आणि पुरता इलाज होत नाहीच. भोवती नाली काढून सम्पमध्ये (पाणी साचायच्या खड्ड्यात) पंप बसवायचा उपाय लोकांना फार आवडतो. मला तो एकट्याने चालवायला आवडत नाही, कारण तो पंप ज्या रात्री सगळ्यात जास्त हवा असतो त्याच रात्री मीटररूममध्ये पाणी शिरलं म्हणून वीज बंद केलेली असते. डिझेल संपलेल्या माणसाचं हे मत आहे, थोडं पूर्वग्रहाचं धरा.

यातलं काहीही न करता चालणारा मार्गही आहे आणि बहुतेक सोसायट्यांना तोच परवडेल: टाकी मेमध्ये साफ करायची, दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, आणि जून ते सप्टेंबर दोन मीटरच्या खाली पाणी जाऊ द्यायचं नाही. पंपाला खालचा कट-ऑफ (पाणी ठराविक पातळीला उतरलं की पंप बंद करणारा) असतोच, तो वर उचलायचा. रोजच्या वापराला साठा कमी पडेल, त्यासाठी दिवसातून दोनदा पंप चालवा.

कंत्राटदाराचं काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. टाकी का उचलली गेली हे त्याने बरोबर सांगितलं. पण जुलैत टाकी पूर्ण रिकामी करून दोन दिवस तशीच ठेवायची कल्पना कोणाची होती? ती त्याची असेल तर कारण माहीत असूनही त्याने ते केलं. कमिटीने "लवकर उरका" म्हणून लेखी दिलं असेल तर गोष्ट वेगळी. कागद काढून बघा.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. टाकीच्या बाजूला, भिंतीपासून दोन फुटांवर, चार इंची पी.व्ही.सी. पाइप टाकीच्या तळापर्यंत उतरवा. खालच्या भागाला भोकं पाडून त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळा, वर टोपी लावा. रोज सकाळी दोरीला नट बांधून आत सोडायचा, पाइपाच्या तोंडापासून ओल्या खुणेपर्यंतची कोरडी दोरी मोजायची आणि जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते वॉचमनच्या वहीत लिहायचं. जोरदार पाऊस झाला की दोन तासांनी पुन्हा. पंधरा दिवसांचे आकडे, टाकीच्या भिंती-तळाची जाडी आणि गच्चीचे पाइप कुठे सुटतात त्याचा फोटो इथे टाका. मग अंदाजाऐवजी तुमच्या टाकीचा हिशोब करून देतो. तोवर टाकी भरलेली ठेवा.